१७६३ ची जाळपोळ आणि आपला वाडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या घराण्यांत दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आमचा वाडा निजामाने जाळला’ किंवा ‘सगळं पुणं जळालं, आमचा तेवढा वाचला’. ही वाक्यं तपासायची कशी, वाड्यात काय पाहायचं, कागद कुठे शोधायचे आणि कुठे फसायला होतं, हे नेहमी विचारलं जातं. त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

१७६३ साली पुण्यावर नेमकं काय आलं होतं?

पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं आणि त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. गादीवर आलेले माधवराव सोळा वर्षांचे होते. पुतण्या आणि काका राघोबादादा यांचं जमलं नाही. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला माधवरावांनी स्वतःहून काकांच्या हाती कारभार सोपवला. राघोबादादांनी मग जुने हिशेब चुकते करायला घेतले. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन दुखावले आणि निजामअलीला जाऊन मिळाले. नागपूरकर जानोजी भोसलेही तिकडे गेले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याने या फुटीचा पुरेपूर फायदा घेतला.

मराठी फौजेने समोरासमोरची लढाई टाळली आणि औरंगाबाद, वऱ्हाड, पुढे हैदराबाद अशी निजामाच्याच मुलखात धाड घातली. निजाम काही दिवस पाठीवर राहिला. हाती काही लागेना, तेव्हा तो वळला आणि थेट पुण्यावर आला. पेशवे फौजेसह शेकडो मैल दूर होते आणि शहराला धड तट नव्हता. १७६३ च्या उन्हाळ्यात पुणं लुटलं गेलं ते असं. त्याचा हिशेब १० ऑगस्ट १७६३ ला गोदावरीकाठी राक्षसभुवनला चुकता झाला. विठ्ठल सुंदर तिथेच पडला.

लाल महालावरचा छापा तो हाच का?

नाही. लाल महालाचा छापा बरोबर शंभर वर्षं आधीचा, ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा. तिथे घर भोसल्यांचं, त्यात तळ ठोकून बसलेला शायिस्ताखान आणि छापा घालणारे स्वतः शिवाजीमहाराज. म्हणजे घरच्या मालकानेच आपल्या घरावर घातलेला छापा. ‘६३’ या आकड्यामुळे दोन्ही गोष्टी घराण्याच्या आठवणीत एकमेकींत मिसळतात. आज कसब्यात दिसणारी लाल महालाची वास्तू महापालिकेने विसाव्या शतकात उभारलेली आहे, तेव्हा तिच्या विटा-लाकडावरून काही ताडायला जाऊ नये.

दुसरी गल्लत होळकरांच्या स्वारीशी होते. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

लोकांना पळायला किती वेळ मिळाला? काय काय नेता आलं?

मोगल (निजामाच्या फौजेला तेव्हा मोगलच म्हणत) येतोय ही आवई दोन-चार दिवस आधी लागत असे, कारण तोफखाना आणि बुणगे (फौजेमागचा बिनलढाऊ लवाजमा) बरोबर असलेली फौज हळू चालते. खरा धोका पुढे सोडलेल्या स्वारांचा. ते एका दिवसात तीस-चाळीस किलोमीटर सहज मारतात आणि मुख्य फौजेच्या कितीतरी आधी शहराच्या वेशीशी उभे राहतात. वाट पाहत बसलेले लोक सापडत ते या स्वारांना.

पळणाऱ्याचं गणित निराळं. लादलेला बैल किंवा गाडी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालते. शहरातून सिंहगडाचा पायथा म्हणजे एक भरगच्च दिवस, पुरंदर दोन दिवस, घाट उतरून कोकणात जायचं तर आठवडाभराची तजवीज. पाठीवर गोण घातलेला बैल सव्वाशे किलोच्या आसपास ओझं नेतो. चार बैलांचं बिऱ्हाड घेतलं तरी त्यात दागदागिने, देव्हाऱ्यातले देव, कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), तांब्याची मोजकी भांडी आणि पंधरा दिवसांचा दाणागोटा एवढंच बसतं. पाळण्यासकट मूल आणि म्हातारी आजी वर. धान्याची कणगी, मोठी पितळी घंगाळं, लाकडी सामान हे सगळं मागे राहायचं. म्हणूनच बळदं (भिंतीतल्या पोकळ्या) आणि तळघरं.

पेशव्यांच्या घरची मंडळी आणि दफ्तर सिंहगडाकडे गेलं. तिथेही एक मोठी चूक घडली, आणि ती आपल्या कामाशी थेट जोडलेली आहे. घोडेस्वार गड चढून जात नाहीत हे बरोबर, पण पायथ्याचं गाव त्यांच्या आवाक्यात असतं. गडावर न चढवता खाली राहिलेला माल आणि कागद मोगलांच्या तुकडीने पायथ्याच्या गावाबरोबर जाळले. १७६३ च्या आधीचे मराठी कागद इतके विरळ का, याचं एक कारण त्या गावात आहे.

सगळं पुणं जळालं होतं का?

नाही, आणि या पानावरचं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर हेच. फौजेने शहराजवळ तळ दिला, लूट केली आणि मग घरांवर खंडणी बसवली. ज्या घराची खंडणी भरली गेली ते राहिलं. ज्याची भरली गेली नाही ते पाडलं किंवा जाळलं. म्हणजे वाडा वाचणं हे दैवापेक्षा हिशेबाचं काम होतं.

तेव्हा ‘आमचा वाचला’ असं घरात सांगत असतील तर पुढचा प्रश्न लगेच विचारायचा : पैसे कोणी भरले, किती भरले आणि कुठून आणले? एवढी रोख रक्कम त्या धामधुमीत कोणाच्या घरात पडून नसायची. सावकाराचं कर्ज, दागिने गहाण, जामीन, कधी घरातला माणूस ओलीस. यातल्या प्रत्येकाचा कागद होतो, आणि कर्जाचा कागद घराणी सनदेपेक्षा जपून ठेवतात, कारण तो फिटेपर्यंत उशाशी लागतो.

घराण्यांना हे उत्तर फारसं रुचत नाही. देवीने वाडा वाचवला ही गोष्ट सांगायला छान वाटते, चढ्या व्याजाचं कर्ज काढून वाचवला ही तितकी नाही. पण दुसऱ्या गोष्टीचा पुरावा सापडू शकतो.

आमचा वाडा तेव्हा होता की नव्हता, हे झटकन कसं कळेल?

आधी पेठ पाहा. नाना पेठ आणि रास्ता पेठ सवाई माधवरावांच्या काळात वसल्या. तिथला वाडा १७६३ च्या जाळपोळीत सापडला असं म्हणणं म्हणजे नातवाने आजोबांच्या लग्नात पंगत वाढली असं म्हणण्यासारखं. मूळ घराणं तेव्हा दुसऱ्या पेठेत असेल आणि आठवण बिऱ्हाडाबरोबर नव्या वाड्यात आली असेल, हे मात्र शक्य आहे. कसबा, शनिवार, बुधवार, शुक्रवार, रविवार या भागांत असाल तर पुढे तपासण्यात अर्थ आहे.

मोठ्या नावाने दिपून जाऊ नका. शनिवारवाडा १७३० साली पायाभरणी होऊन १७३२ ला राहता झाला, तो तेव्हा होता. नानावाडा त्यानंतरचा. विश्रामबागवाडा तर दुसऱ्या बाजीरावाचा, एकोणिसाव्या शतकातला.

जोतं जुनं आहे, पण वरचं घर किती जुनं हे कसं ओळखायचं?

पुण्याचा वाडा खालून वर वाचायचा. खाली काळ्या दगडाचं घडीव चिऱ्यांचं जोतं, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधल्या भिंती पातळ विटांच्या किंवा मातीच्या, वर कडीपाट (लाकडी पाटण) आणि त्यावर मातीचा थर, सगळ्यांत वर कौलं. आग लागली की कौलं फुटतात, कडीपाट कोसळतो, सांगाडा अर्धामुर्धा जातो. जोतं आणि आड जागेवर राहतात. मालक परत आला की त्याच जोत्यावर नवं घर उभं करतो. त्यामुळे एका वाड्याला दोन वयं असू शकतात, आणि ‘वाडा तीनशे वर्षांचा’ हे वाक्य बहुतेक वेळा फक्त जोत्यापुरतं खरं असतं.

पाहताना पुढच्या गोष्टी पाहा.

जोत्याच्या चिऱ्यांची ठेवण आणि वरच्या खांबांच्या दगडी तळखड्यांची ठेवण जुळते का? खांबांची रांग जोत्याच्या जुन्या रेषेपासून हात-दीड हात सरकलेली असेल तर वरचं घर नंतरचं. एक तळखडा चौकात किंवा अंगणात उलटा पडलेला असेल तर तो पूर्वीच्या घराचा.

विटा मोजा. एकच वीट मोजून उपयोग नाही, ओळीने दहा विटा मोजून सरासरी काढा. जुन्या विटा पातळ, दीड-दोन इंचांच्या. नऊ बाय साडेचार बाय तीन इंचांची जाड वीट दिसली की भिंत इंग्रजी अमलातली, मग तिच्यावर कितीही जुना गिलावा असो.

छपराची कौलं बहुतेक वेळा काहीच सांगत नाहीत. चपटी मंगळुरी कौलं १८६५ नंतरची. त्याआधी नळीची कौलं. पण छप्पर हा घरातला सगळ्यांत लवकर बदलणारा भाग, त्यावरून घराचं वय काढू नये.

खिळे पाहा. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी आणि टोकाकडे निमुळता असतो, डोकं वेडंवाकडं. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे. जुन्या तुळईत नवा खिळा म्हणजे दुरुस्ती. नव्या तुळईत जुना खिळा सहसा दिसत नाही, आणि दिसलाच तर तुळई दुसऱ्या घरातून आणलेली आहे का ते पाहा.

माजघरात एक जळकी तुळई आहे. हा पुरावा धरायचा का?

धरायचा, पण तिच्याकडे नीट पाहून. शंभरातल्या बऱ्याचशा ‘जळक्या’ तुळया नुसत्या चुलीच्या धुराने काळवंडलेल्या असतात. ओल्या फडक्याने तळहाताएवढी जागा पुसा. काजळी फडक्यावर येते आणि खाली लाकडाची धार शाबूत दिसते. खरी जळलेली तुळई पुसून निघत नाही. तिच्यावर सुसरीच्या पाठीसारख्या चौकटी-चौकटींच्या भेगा असतात, कडा गोल झालेल्या असतात आणि लाकूड मोजमापात कमी भरतं.

सागवान जळतं सावकाश, मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. वरचा कोळसा आतल्या लाकडाला झाकून ठेवतो. फूटभर जाडीची तुळई तासभर आगीत राहिली तरी प्रत्येक बाजूने तीन-चार सेंटिमीटरच जाते. सुतार काय करणार? वाकसाने (तासणीने) कोळसा तासून काढणार आणि तीच तुळई पुन्हा चढवणार. म्हणून खोलीतल्या सगळ्या तुळयांची जाडी टेपने मोजा. पाच तुळया दहा इंची आणि एक आठ इंची, तिच्या पोटाकडे वाकसाचे आडवे घाव, असं असेल तर ती आगीतून परत आलेली असू शकते.

सर्वांत बोलकी जागा म्हणजे कुसाचं, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं टोक बसवायचं, रिकामं भोक. तुळईत असं एखादं भोक असेल जिथे आज काहीच बसलेलं नाही, त्यात टॉर्च मारा. भोकाच्या आत कोळसा असेल तर ती तुळई कूस जळून गेल्यावर या जागी आली. बाहेरून तासलेली तुळई आतून तासता येत नाही, म्हणून भोकातला कोळसा राहतो.

एवढं सगळं जमलं तरी आग कोणती हे तुळई सांगत नाही. पुण्यात आगी पुष्कळ झाल्या. शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये कित्येक दिवस जळत होता. मे १८७९ मध्ये बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्यालाही आग लागली. चुलीतून, दिव्यातून लागलेल्या घरगुती आगी तर कोणी मोजल्याच नाहीत. आणि जुनं सागवान लिलावात, बाजारात विकलं जायचं, तेव्हा जळकी तुळई दुसऱ्याच कुणाच्या वाड्याची असू शकते.

लाकडाचं वय प्रयोगशाळेत काढता येत नाही का?

कार्बन चाचणीवर पैसे घालवू नका. साधारण १६५० ते १९५० या काळातल्या लाकडासाठी ही चाचणी एक साल देत नाही, तीन-चार वेगवेगळे पट्टे देते. १७४० चं लाकूड की १७८० चं, हे तिला सांगता येत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. सागवानाला वार्षिक वर्तुळं असतात आणि त्यांचा अभ्यास पुण्यातच पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत झालेला आहे. पण त्यासाठी सालीजवळचं बाहेरचं वर्तुळ शाबूत लागतं, आणि तासलेल्या तुळईत नेमकं तेच गेलेलं असतं. शिवाय लाकूड तोडल्याचं साल म्हणजे घर बांधल्याचं साल नव्हे.

त्यापेक्षा फुकटची चाचणी करा. ड्रेनेजसाठी किंवा खांबाला आधार द्यायला खड्डा खणला जातो, तेव्हा खड्ड्याची उभी कड खराट्याने झाडून पाहा. राखेचा काळा-करडा थर, त्यात फुटकी कौलं, भाजून लाल झालेली माती असं दिसलं तर थर किती खोल आहे ते जोत्याच्या माथ्यापासून मोजा आणि पट्टी ठेवून फोटो काढा. मग थराच्या आत आणि खाली काय सापडतं ते बघा. राखेखाली १८३५ चा कंपनी सरकारचा पाव आणा निघाला तर ती राख १८३५ नंतरची, विषय संपला. मंगळुरी कौलाचा तुकडा निघाला तरी तसंच. थराच्या वरच्या वस्तूंवरून मात्र काही ठरत नाही.

नदीकाठच्या पेठांत आणखी एक घोळ आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने इतका गाळ आणला आणि इतके वाडे बसवले की वरचे दोन-तीन फूट बहुतेक ठिकाणी ढवळलेले असतात.

कागद कुठे शोधायचे?

तीन ठिकाणी, या क्रमाने. पहिलं आपलंच घर, त्यातही माळा, देवघराच्या वरची फळी आणि धाकट्या पातीच्या (शाखेच्या) चुलत्यांकडचा पेटारा. थोरली पाती सनदा नेते, हिशेबाच्या वह्या बहुधा धाकट्या पातीकडे पडून असतात.

दुसरं पुणे पुराभिलेखागार, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘पेशवे दफ्तर’. तिथे कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि रुमाल घराण्याच्या नावाने लावलेले नाहीत. रोजकीर्द, घडणी, जमाव असे सरकारी खात्यांप्रमाणे ते लावलेले आहेत. ‘आमच्या आडनावाचा रुमाल द्या’ असं म्हणून काही मिळत नाही. आधी पूर्वज कोणत्या खात्यात, कोणत्या सरदाराकडे, कोणत्या गावच्या इनामावर होता हे पक्कं करून जा. घराण्याला इनाम असेल तर इनाम कमिशनचे (इनामांची छाननी करणाऱ्या इंग्रजी खात्याचे) एकोणिसाव्या शतकातले कागद अवश्य मागा. सनद हजर करता आली नाही तर ती का नाही याचं कारण कमिशनला दिलेल्या कैफियतीत (लेखी निवेदनात) द्यावं लागे.

तिसरं सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ. १९१० पासून घराण्यांनी आपापली दफ्तरं तिथे आणून दिलेली आहेत. तुमच्या आजोबांच्या चुलत्याने दिलेला गठ्ठा तिथे असेल आणि घरी कोणाला पत्ताच नसेल, हे नेहमीचं आहे.

बहुतेक सगळं मोडीत असणार. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि एकाच हातचं वळण लागायला आठवडा जातो. वाचक नेमायचा असेल तर आधी एकाच पानाचं लिप्यंतर करून घ्या आणि आकडे स्वतः पडताळा. चुका आकड्यांत होतात.

कागदात ‘निजाम’ हा शब्दच सापडत नाही. मग?

सापडणारच नाही. त्या काळच्या लिहिण्यात तो ‘मोगल’ असतो, किंवा ‘नबाब’, किंवा ‘निजामअल्ली’. ‘हल्ला’, ‘आक्रमण’ हेही शोधू नका. शोधायचे शब्द असे : धामधूम, दंगा, लूट, जाळपोळ, खंडणी, ओलीस, जामीन, कौल. ‘मोगलाचे धामधुमेत’ एवढे दोनच शब्द एखाद्या कर्जखताच्या मध्यावर येतात आणि वाचक ते ओलांडून जातो. फौज परतल्यावर रयत पुन्हा वसावी म्हणून दिलेले कौल (सरकारी अभयपत्रं) आणि करातली सूट यांच्या नोंदीही पाहा. घर जळाल्याचा उल्लेख बऱ्याचदा सूट मागताना येतो, दुःख सांगताना नाही.

तारीख कशी लावायची?

इथे सर्वांत जास्त लोक घसरतात. त्या काळच्या कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. सरावासाठी हा मथळा घ्या : ‘छ ७ जिल्काद, सन सलास सितैन मया व अलफ’.

‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याचा दिवस. सलास तीन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६३. सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. जूनपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखेला ६००. म्हणजे ११६३ हे साल जून १७६२ ते जून १७६३. आपल्या मथळ्यातला ७ जिल्काद येतो मे १७६३ च्या तिसऱ्या आठवड्यात, शके १६८५ सुभानू संवत्सरात.

आता खड्डा. याच सालाखाली ‘जिल्हेज’ लिहिलेला कागद सापडला तर तो १७६३ चा नाही, १७६२ च्या जून-जुलैचा आहे, कारण १७६३ चा जिल्हेज लागेपर्यंत मृग होऊन ‘अर्बा सितैन’ (११६४) सुरू झालेलं होतं. त्याहून वाईट म्हणजे चांद्र महिने सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतात, त्यामुळे एका सुहूर सालात काही तारखा दोनदा येतात. ११६३ सालात हा घोळ नेमका जिल्कादच्या मधल्या दिवसांत आहे. २० जिल्काद एकदा जून १७६२ मध्ये येतो आणि पुन्हा जून १७६३ च्या सुरुवातीला. कागदावर वार असेल तर जंत्रीत वार जुळवून निकाल लागतो. वार नसेल तर आशय पाहायचा, आणि तोही गप्प असेल तर दोन्ही तारखा लिहून ठेवायच्या.

फसली सनाचा आकडा दिसला तर ५९० मिळवा, जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. शकाला ७८, पौष-माघ-फाल्गुनाकडे मात्र बहुधा ७९.

होळकरांनी पुणं जाळलं तेव्हा आमचं घर गेलं असेल का?

यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव सिंहगड, रायगड करत कोकणात उतरला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी वसईचा तह करून बसला. शहराची मात्र १७६३ सारखी जाळपोळ झाली नाही. पिळवणूक झाली ती पैशाची, आणि ती महिनोन्‌महिने चालली. एप्रिल १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली घोडदळासह धावत पुण्यात आला तो शहर पेटवलं जाणार अशी बातमी होती म्हणून. म्हणजे तोवर ते उभं होतं.

तेव्हा होळकरी दंग्याची आठवण असलेल्या घरांनी राख शोधू नये, वसुलीच्या पावत्या शोधाव्यात. साल ‘सलास मयातैन व अलफ’, म्हणजे १२०३.

बळदात किंवा तळघरात पुरलेलं धन असेल का?

बळद म्हणजे भिंतीच्या जाडीत ठेवलेली पोकळी, वरून माळ्यातून उघडणारी, धान्यासाठी. धामधुमीत तिच्यात भांडी आणि पेट्या सोडून तोंड लिंपून टाकत. पण पळालेली माणसं बहुतेक परत आली, आणि परत आलेल्या माणसाने पहिलं काम कोणतं केलं असेल? शिवाय लुटणाऱ्या स्वारांनाही बळद म्हणजे काय ते माहीत होतं. भिंत ठोकत जायचं, पोकळ वाजली की फोडायचं, लिंपण ओलं दिसलं की खणायचं.

कुदळ हातात घेण्याआधी दोन गोष्टी. बळदाची भिंत बहुतेक वेळा वरच्या तुळयांचा भार घेते. ती खालून फोडली की आधी गिलावा सुटतो, मग तुळईचं टोक खाली बसतं, आणि हे सगळं पावसाळ्यात झालं तर वाडा बसायला एक रात्र पुरते. दुसरं, जमिनीत दडवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काहीही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा आजही तोच आहे.

आमच्या वाड्यातून शनिवारवाड्यापर्यंत भुयार आहे म्हणतात.

पुण्यात ज्याला भुयार म्हणतात ते बहुतेक वेळा पाण्याचं असतं. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात नळ आणला. त्याच्या दगडी बांधणीच्या वाटा पेठांखालून गेल्या आहेत आणि मध्ये मध्ये उच्छ्वास (वर उघडणारी झरोक्यासारखी तोंडं) आहेत. तळघराच्या भिंतीत कमान दिसली, पलीकडे गार हवा आली, की भुयाराची कथा तयार. आत उतरू नका, हवा कोंदट असते आणि वरची माती कधीही सुटते.

घरातले जुने रुमाल कसे हाताळायचे?

गठ्ठा सोडण्याआधी बांधलेल्या अवस्थेत फोटो काढा. कागद ज्या क्रमाने आहेत तो क्रम हाच एक पुरावा आहे, तारखेप्रमाणे लावायचा मोह आवरा. मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने आकडा घाला, पेनने नाही. दुमडी उघडत नसेल तर ओढू नका. प्रत्येक कागदाचा सपाट उजेडात पट्टी ठेवून फोटो, दोन्ही बाजूंचा. पाठीवरची एक ओळ, ‘पावली’ किंवा ‘फिटले’ एवढीच, पुष्कळदा पुढच्या सगळ्या मजकुराहून मोलाची ठरते.

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत तो पिवळा पडून अक्षरासकट निघतो. कसर झाली म्हणून उन्हात वाळत घालू नका, शाई उडते. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा आणि भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर ठेवा. आणि कागद परदेशी पाठवायचा विचार असेल तर थांबा. पंचाहत्तर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक हस्तलिखितांना पुरावस्तू कायदा लागतो.

वाडा पाडायचाच ठरला आहे. निदान काय नोंदवून ठेवावं?

आधी वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का पाहा. असेल तर परवानगीचा मार्ग वेगळा आहे. नसेल तर पाडकामाआधी दोन दिवस काढा. चौकाचं, खांबांच्या रांगांचं मोजमाप घेऊन एका कागदावर साधा आराखडा, त्यात आड, बळद, तळघर आणि दिंडीची जागा. प्रत्येक खोलीतल्या तुळयांची जाडी. जळकी, तासलेली, जास्तीची भोकं असलेली लाकडं खडूने आकडे घालून वेगळी ठेवा, ठेकेदाराच्या ट्रकमध्ये ती पहिल्याच दिवशी जातात.

जोतं उखडायची वेळ आली की तिथे स्वतः हजर राहा. राखेचा थर असला तर तो तेव्हाच दिसतो, जेसीबीचं दुसरं बोट पडेपर्यंत.